माणसाच्या हालचालीतलं बल आणि गती: नेहमी येणारे प्रश्न

गोव्यातल्या फोंडा तालुक्यात मी शारीरिक शिक्षण शिकवतो. दहावीपर्यंतच्या मुलांना खेळ शिकवता शिकवता विज्ञान शिक्षकाची रजेची तासिकाही माझ्याच गळ्यात पडते, त्यामुळे दोन्हीकडचे प्रश्न येतात. ते विद्यार्थी, पालक, फुटबॉलचे प्रशिक्षक विचारतात, आणि एकदा तर एका पाडेलीनेही (माडावर चढून नारळ पाडणाऱ्याने) विचारले होते. तेच तेच उत्तर दहादा टाइप करण्यापेक्षा इथे एकदाच लिहून ठेवतो. आकडे सोपे करून घेतले आहेत. बल न्यूटनमध्ये आहे. १० न्यूटन म्हणजे साधारण १ किलो वस्तूचं वजन, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

१. बल आणि हालचालीचं विश्लेषण म्हणजे नेमकं काय करतात?

दोन वेगळी कामं करतात. पहिलं म्हणजे हालचालीचं वर्णन: गुडघा किती अंशात वाकला, पाऊल किती वेगाने पुढे गेलं, हात कधी वर आला. याला शुद्धगतिकी म्हणतात. दुसरं म्हणजे ती हालचाल कुठल्या बलांमुळे झाली याचा शोध, म्हणजे गतिकी. माणसाच्या शरीराला हे सगळं लावलं की त्या विषयाला जैवयांत्रिकी म्हणायचं.

अडचण अशी की हालचाल दिसते आणि बल दिसत नाही. गोलकीपर उजवीकडे झेपावला हे प्रेक्षकांतल्या पोरालाही दिसतं; त्याच्या डाव्या पायाने जमिनीला किती जोराने आणि कुठल्या दिशेला रेटलं हे कुणालाच दिसत नाही. ते हालचालीवरून उलट काढावं लागतं. या पानावरचे जवळजवळ सगळे घोळ इथूनच सुरू होतात.

विषय जुना आहे. इटलीतल्या बोरेल्लीचं प्राण्यांच्या हालचालींवरचं पुस्तक १६८०-८१ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, छापलं गेलं. स्नायू हे तरफेसारखे काम करतात आणि तेही तोट्यात, हे त्याने त्यात गणिताने दाखवलं होतं. न्यूटनचे नियम छापून आले १६८७ मध्ये, म्हणजे त्याच्याही नंतर.

२. यासाठी गणित किती यायला हवं?

गुणाकार, भागाकार आणि नववीतले गतीचे नियम. इथलं सगळं त्यात बसतं.

३. सुरुवात कुठून करायची?

कागदावर माणसाची काडीची आकृती काढा. मग एकच प्रश्न विचारा: या शरीराला बाहेरून कोण कोण स्पर्श करतंय? प्रत्येक स्पर्शाला एक बाण. स्पर्शाशिवाय लागणारं बल आपल्या कामापुरतं एकच, गुरुत्वाकर्षण. त्याचा बाण गुरुत्वमध्यातून, म्हणजे शरीराचं सगळं वजन जिथे एकवटलंय असं धरता येतं त्या बिंदूतून, सरळ खाली. झालं.

मुलं यात हमखास एक जादा बाण काढतात, "पळण्याचं बल" नावाचा, छातीतून पुढे जाणारा. मी तो खोडतो आणि विचारतो, हे बल कोण लावतंय? उत्तर येत नाही. ज्या बाणाचा मालक सापडत नाही तो बाण खोटा. धावणाऱ्याला पुढे ढकलायला जमिनीशिवाय दुसरं कुणी नाही.

४. जमीन मला ढकलते तेवढंच मी जमिनीला ढकलतो. मग दोन्ही बलं एकमेकांना खाऊन टाकत नाहीत का? मी हलतो कसा?

ती दोन बलं दोन वेगळ्या वस्तूंवर आहेत. तुमच्या आकृतीत फक्त तुमच्यावरचा बाण येतो. जमिनीवरचा बाण जमिनीच्या आकृतीत. उधारी एका खात्यात आणि जमा दुसऱ्याच्या खात्यात, तर तुमची बेरीज शून्य कशी होईल?

खात्री करायची तर लहान होडीतून धक्क्यावर उतरा. ६० किलोचा माणूस सेकंदाला १ मीटर वेगाने पुढे निघाला तर १२० किलोची होडी अर्धा मीटर वेगाने मागे सरकते. पाय धक्क्यावर पोचायच्या आधी मधलं अंतर वाढतं आणि नवखा माणूस पाण्यात जातो. फेरीबोटीवरून उतरताना तसं होत नाही, कारण ती तुमच्या मानाने इतकी जड असते की तिचं मागे सरकणं डोळ्यांना कळत नाही. नियम तोच आहे.

५. वजनकाट्यावर उठाबशा काढल्या तर आकडा नाचतो. काटा बिघडलाय का?

काटा ठीक आहे, आणि तुमच्याकडे घरबसल्या प्रयोगशाळा आहे. सुईचा जुना काटा घ्या. डिजिटल काटा एक आकडा पकडून गोठतो.

माझ्या मुलीला मी उभं केलं. वजन ५२. बसायला सुरुवात करताच सुई झटकन ४० च्या आसपास उतरली. बसून थांबता थांबता ती ६५ च्या पुढे गेली आणि मग ५२ वर येऊन स्थिरावली. उठताना क्रम उलटा: आधी जास्त, शेवटी कमी.

काटा वजन मोजत नाही. जमीन तुम्हाला किती रेटते तेवढं तो मोजतो. बसायला सुरुवात करताना शरीराला खालच्या दिशेला त्वरण हवं असतं, म्हणून वर रेटणारं बल वजनापेक्षा कमी होतं. अडकायला होतं ते पुढच्या टप्प्यात. खाली पोचता पोचता शरीर अजून खालीच चाललेलं असतं, पण त्याला थांबवायचं असल्यामुळे त्वरण वरच्या दिशेला असतं आणि आकडा फुगतो. हालचाल खाली, बल वर. वेग कुठल्या दिशेला आहे यावरून बल ठरवायचं नाही. वेग कसा बदलतोय यावरून ठरवायचं. ही एक गोष्ट पचली की अर्धा विषय आला.

काट्यावर उड्या मारू नका. नवा काटा स्वस्त नाही.

६. चालताना घर्षण मला पुढे ढकलतं की मागे ओढतं?

एकाच पावलात दोन्ही. टाच टेकते तेव्हा पाय पुढे सरकू पाहतो, म्हणून घर्षण मागे, ब्रेकसारखं. पाऊल मागे गेलं आणि चवड्याने रेटा दिला की घर्षण पुढे. सारख्या वेगाने चालताना या दोन भागांचा हिशोब फिटतो.

पावसाळ्यात शेवाळलेल्या चिऱ्यांवर माणूस टाच टेकतानाच सहसा सटकतो, कारण तेव्हा घर्षणाची गरज मोठी आणि अंग पायाच्या मागे. म्हणून तिथे आपण आपोआप आखूड पावलं टाकतो आणि पाऊल सपाट ठेवतो. पाय जितका शरीराखाली, तितकी आडव्या बलाची गरज कमी. आजीने हे कुठे शिकलं नव्हतं, पण आषाढात विहिरीवर ती अशीच चालायची.

७. चालताना आणि धावताना जमीन किती बल लावते?

हे फोर्स प्लेट नावाच्या, जमिनीत बसवलेल्या आणि बल मोजणाऱ्या तबकडीवर दिसतं. चालताना आलेखाला दोन उंचवटे येतात, दोन्ही शरीराच्या वजनाच्या सुमारे १.१ ते १.२ पट, आणि मधे वजनापेक्षा कमी असलेली दरी. धावताना एकच मोठा डोंगर, वजनाच्या २ ते ३ पट. ६० किलोच्या मुलाच्या प्रत्येक पावलाला १२० ते १८० किलोइतका रेटा. दरी का पडते ते प्रश्न ५ वरून तुम्हीच सांगा.

८. म्हणजे गुडघ्यावरही तेवढाच भार येतो?

जास्त येतो. जमिनीचा रेटा हा बाहेरचा हिशोब झाला. गुडघा वाकलेला असताना तो कोलमडू नये म्हणून मांडीचा स्नायू जोरात खेचतो, आणि त्या खेचण्यानेही सांध्याची दोन हाडं एकमेकांवर दाबली जातात. बदललेल्या गुडघ्यांत संवेदक बसवून हे प्रत्यक्ष मोजलं गेलं आहे: साधं चालताना शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट, जिना उतरताना सुमारे साडेतीन पट. पणजीची आल्तिनो टेकडी चढताना धाप लागते आणि उतरताना गुडघे बोलतात, ते यामुळे.

स्नायू इतके जोरात का खेचतात, ते पुढच्या उत्तरात.

९. हातात ५ किलोची पिशवी धरली तर दंडाचा स्नायू ५ किलोचंच बल लावतो ना?

नाही, जवळजवळ दहापट लावतो. या विषयातला माझा सगळ्यात आवडता हिशोब, म्हणून सावकाश करू.

कोपर काटकोनात. टेकू कोपरात. पिशवी कोपरापासून ३५ सेंटिमीटरवर. हाताच्या पुढच्या भागाचं स्वतःचं वजन दीड किलो धरा, ते १५ सेंटिमीटरवर लागतं. दंडाचा स्नायू मात्र कोपरापासून जेमतेम ४ सेंटिमीटरवर चिकटलेला. आता फिरवण्याचा जोर, म्हणजे आघूर्ण: बल गुणिले टेकूपासूनचं अंतर. पिशवीचं बल ४९ न्यूटन गुणिले ०.३५ म्हणजे १७. हाताचं १५ न्यूटन गुणिले ०.१५ म्हणजे सव्वादोन. दोन्ही मिळून साधारण १९.४. ते ०.०४ ने भागा. उत्तर सुमारे ४८५ न्यूटन, म्हणजे ४९ किलोचा ताण, ५ किलोच्या पिशवीसाठी.

एवढ्यावर भागत नाही. स्नायू ४८५ ने वर खेचतो, पिशवी आणि हात मिळून ६४ ने खाली ओढतात. उरलेलं सुमारे ४२० न्यूटन कोपराच्या सांध्याला सोसावं लागतं.

मग निसर्गाने असा तोट्याचा सौदा का केला? कारण जोरात जे जातं ते वेगात मिळतं. स्नायू १ सेंटिमीटर आखडला की तळहात जवळजवळ ९ सेंटिमीटर फिरतो. भाला फेकायला, चेंडू अडवायला, तोंडापर्यंत घास न्यायला वेग आणि पल्ला हवा. वजन उचलायला आपण पहार आणि कप्पी शोधून काढलीच.

शरीरात तिन्ही प्रकारच्या तरफा सापडतात असं पुस्तकात असतं आणि परीक्षेत विचारतातही: मान डोलावणं पहिल्या प्रकारची, चवड्यांवर उभं राहणं दुसऱ्या, दंड तिसऱ्या. दंडाचा प्रकारच बहुतेक ठिकाणी आढळतो.

१०. बाजारहाट एका हातात आणावी की दोन हातांत?

दोन. १० किलोची पिशवी एका हातात, पाठीच्या कण्यापासून ३० सेंटिमीटर बाजूला. आघूर्ण ९८ गुणिले ०.३, म्हणजे सुमारे २९. ते तोलायला दुसऱ्या बाजूचे पाठीचे स्नायू कण्यापासून साधारण ५ सेंटिमीटरवरून खेचतात: ५९० न्यूटन. कण्यावर वाढलेला दाब ५९० अधिक ९८, जवळजवळ ७० किलो. तेच ५-५ किलो दोन्ही हातांत घेतलं की आघूर्णं एकमेकांना तोलतात आणि वाढीव दाब १० किलोचाच.

प्रत्यक्षात आपण उलट बाजूला झुकतो आणि स्वतःच्या धडाचं वजन समतोलाला वापरतो, त्यामुळे आकडा थोडा उतरतो. पण म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून एका हाताने पिशवी ओढत येणाऱ्याची चाल पाहा, हा झुकाव लांबूनही ओळखता येतो.

११. मग मासेविक्रेत्या बायका डोक्यावर पाटी नेतात ते चांगलं की वाईट?

यांत्रिकीच्या दृष्टीने हुशारीचं. भार कण्याच्या रेषेत येतो, बाजूचं अंतर शून्याजवळ, म्हणून प्रश्न १० मधले ५९० न्यूटन गायब. त्याची किंमत म्हणजे मान आणि धड सतत रेषेत ठेवावं लागतं, आणि तोल गेला तर सावरायला जागा फार थोडी. शिवाय मानेच्या मणक्यांवर पूर्ण भार येतो. वर्षानुवर्षं नेला तर त्याचं काय होतं हा डॉक्टरांचा प्रश्न.

१९८६ मध्ये केनियातल्या ल्यूओ आणि किकुयू बायकांवर झालेल्या मोजमापात आढळलं की शरीराच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत भार डोक्यावर (ल्यूओ) किंवा कपाळावरच्या पट्ट्याने (किकुयू) नेऊनही त्यांना जादा ऊर्जा लागत नव्हती. लोक हे मला दर वर्षी पाठवतात. नंतरच्या मोजमापांत मात्र सगळ्यांनाच ते जमतं असं दिसलेलं नाही.

१२. माडावर चढणारा पाडेली घसरत का नाही?

हा प्रश्न आधी एका पाडेलीनेच मला विचारला. म्हणाला, "गुरुजी, तुमच्या पुस्तकाप्रमाणे मी पडायला हवा का?" मी घरी जाऊन हिशोब केला, आणि खरंच, नुसतं घर्षण धरलं तर पडायला हवा.

माणूस ६० किलोचा, वजन ५९० न्यूटन. गुरुत्वमध्य खोडापासून ३५ सेंटिमीटर बाहेर. हात पायांच्या १ मीटर वर, खोडाला मागून धरलेले. पाय हा टेकू धरा: वजन त्याला मागे पाडू पाहतं, हात आत खेचतात. ५९० गुणिले ०.३५ भागिले १, म्हणजे हात सुमारे २०६ न्यूटनने खेचतात. आडवी बलं फिटायला हवीत, म्हणून पाय खोडाला तेवढ्याच २०६ ने दाबतात. घर्षणगुणांक (दाबाच्या किती पट घर्षण मिळू शकतं तो आकडा) ०.५ धरला तर पायांकडून वरचा आधार १०३, हातांकडून तेवढाच. एकूण २०६. वजन ५९०. पावणेचारशेहून जास्त न्यूटन कुठून आणायचे?

दोन युक्त्या आहेत, दोन्ही गोव्यात रोज बघायला मिळतात. रेंदेर, म्हणजे माडाची सूर काढणारे, माडाला खाचा पाडतात; खाचेत पाऊल सरळ वर उचललं जातं आणि घर्षणावर अवलंबून राहावंच लागत नाही. दुसरी युक्ती दोन्ही पावलांना अडकवलेल्या दोरीची. दोरी पावलांना फाकू देत नाही, त्यामुळे भार पडला की पावलं खोडाला दोन्ही बाजूंनी आवळली जातात. आवळण्याचं बल वाढलं की घर्षण वाढतं, आणि शरीर बाहेर किती झुकलंय याच्याशी त्याचा संबंध उरत नाही. अंग जितकं जड, पकड तितकी घट्ट.

मी त्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, पावसात माड ओला असला की दोरीचंही काही चालत नाही. घर्षणगुणांक उतरतो, आणि तो हिशोब त्याच्या तळपायांना माझ्याआधी कळतो.

१३. फुगडीत हात सुटले तर बाहेर फेकल्या जातात. म्हणजे केंद्रोत्सारी बल खरं आहे ना?

जमिनीवर उभं राहून पाहणाऱ्याच्या आकृतीत ते बल नसतं. प्रश्न ३ चा नियम लावा: बाहेर ढकलणारा कोण? कुणी नाही. चतुर्थीला अंगणात फुगडी घालणाऱ्या दोघी सरळ रेषेत निघून जाऊ पाहत असतात. एकमेकींचे हात त्यांना सतत आत वळवत असतात. हात सुटले की जी वळण देणारी गोष्ट होती तीच संपते, आणि मुलगी त्या क्षणी जिकडे चालली होती तिकडे, म्हणजे वर्तुळाच्या स्पर्शरेषेत जाते. व्हिडिओ हळू करून पाहा; ती मध्यापासून सरळ दूर उडालेली दिसणार नाही. फिरणाऱ्या मुलीच्या नजरेने हिशोब मांडला तर केंद्रोत्सारी बल मांडावं लागतं, आणि तोही हिशोब बरोबर येतो. दोन्ही नजरांचे हिशोब एकाच आकृतीत मिसळले की मात्र गोंधळ.

आकडे हवेत म्हणून: ४० किलोची मुलगी, दीड सेकंदात एक फेरी, तिचा गुरुत्वमध्य मध्यापासून अर्धा मीटर. आत वळवायला सुमारे ३५० न्यूटन लागतात, ३६ किलोइतके. एका सेकंदात फेरी घेतली, म्हणजे वेग दीडपट झाला, तर बल सव्वादोन पट, जवळजवळ ८० किलो. त्यात अंग मागे झुकलेलं असतं, ते मागे पडू नये म्हणून लागणारा ताणही हातांवरच. हाताला तेल लागलेलं असताना फुगडी घालू नये असं बायका सांगतात, ते ऐका.

१४. गुरुत्वमध्य नेमका कुठे असतो? घरी शोधता येतो का?

सरळ उभं राहिल्यावर साधारण उंचीच्या ५५ ते ५७ टक्क्यांवर, बेंबीच्या किंचित खाली, माकडहाडाच्या वरच्या हाडासमोर. हात वर केला की तोही वर सरकतो.

शोधायला २ मीटरची फळी घ्या. एक टोक चिऱ्याच्या धारेवर, दुसरं काट्यावर. फळीमुळे आलेला आकडा टिपून घ्या. ५० किलोच्या मुलाला झोपवा, तळपाय बरोबर चिऱ्याच्या धारेवर. आकडा फळीपेक्षा साडेबावीसने वाढला तर २२.५ भागिले ५० गुणिले २, म्हणजे तळपायांपासून ९० सेंटिमीटरवर. पोरगं १६२ सेंटिमीटरचं असेल तर साडेपंचावन्न टक्के. शाळेत हे केलं की वर्ग अर्धा तास जागचा हलत नाही.

अवघड भाग: गुरुत्वमध्य शरीराबाहेरही असू शकतो. १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये डिक फॉसबरी पाठ खाली करून, कमान करत आडव्या दांडीवरून गेला आणि २.२४ मीटरवर सुवर्ण जिंकला. अशी कमान पुरेशी असली की शरीर दांडीवरून जातं आणि गुरुत्वमध्य दांडीखालून जाऊ शकतो.

१५. मोबाइलवरून उडीची उंची काढता येते का?

येते, आणि फितीपेक्षा चांगली. पाय जमीन सोडल्यापासून टेकेपर्यंतचा वेळ मोजा. उंची मीटरमध्ये = ९.८ गुणिले वेळ गुणिले वेळ, भागिले ८. अर्ध्या सेकंदाला सुमारे ३१ सेंटिमीटर.

दोन ठिकाणी फसगत होते. साध्या व्हिडिओत सेकंदाला ३० चौकटी (फ्रेम). १५ चौकटींना ३१ सेंटिमीटर, तर १६ ना ३५. एका चौकटीची चूक चार सेंटिमीटर खाते. म्हणून २४० चौकटींचा स्लो मोशन लावा. दुसरी लबाडी मुलं शिकतात: टेकताना गुडघे पोटाशी घ्यायचे. हवेतला वेळ वाढतो, उडी वाढत नाही. सोडताना आणि टेकताना पाय सारखेच सरळ असले तरच हे सूत्र लागू.

१६. चेंडूला लाथ मारताना किती बल लागतं? आणि गोलकीपरचे हात का मोडत नाहीत?

चेंडू सुमारे ४३० ग्रॅमचा. शाळेतल्या जोरदार पोराने तो सेकंदाला २० मीटरने मारला, तर संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, ८.६. पाऊल आणि चेंडू एकत्र असतात ते सेकंदाच्या सुमारे शंभराव्या भागापुरते. भागाकार केला की सरासरी ८६० न्यूटन, जवळजवळ ८८ किलो. तोच चेंडू गोलकीपरने हात मागे घेत सेकंदाच्या दहाव्या भागात थांबवला तर ८६ न्यूटन. संवेग तेवढाच, वेळ दहापट, बल दहावा भाग. उंचावरून उडी घेताना गुडघे मऊ ठेवा हे आम्ही ओरडत असतो, त्याचं कारणही हेच.

आणि लाथ "मांडीत दम" असून लागत नाही. आधी मांडी पुढे येते, मग ती मंदावते आणि त्या क्षणी नडगी झपकन सुटते. सगळे भाग एकदम हलवणाऱ्या मुलाचा पाय जाड असला तरी चेंडू जवळच पडतो.

१७. हवेत असताना काही धरायला नसतं, मग कोलांटी वेगाने कशी फिरते?

पाय सुटले त्या क्षणीच फिरण्याचा साठा, म्हणजे कोनीय संवेग, ठरून जातो. हवेत तो वाढत नाही. अंग आवळलं की फिरणं वेगवान होतं, पसरलं की मंद. धक्क्यावरून नदीत सूर मारणाऱ्या पोरांना हे अंगवळणी असतं.

१८. मिरामारच्या वाळूत चालल्याने व्यायाम जास्त होतो, खरं का?

खरं. वाळू पायाखाली सरकते, तिच्यावर केलेलं काम परत मिळत नाही. १९९८ च्या मोजमापात, त्याच वेगाने कोरड्या वाळूत चालताना कडक जमिनीपेक्षा २.१ ते २.७ पट ऊर्जा लागली; धावताना सुमारे १.६ पट. पाण्याकडेची ओली, घट्ट वाळू वेगळी. ती जवळजवळ रस्त्यासारखीच.

१९. भरलेली कळशी हातात धरून नुसतं उभं राहिलं तर काम शून्य. मग हात का दुखतो?

भौतिकशास्त्रातलं काम म्हणजे बल गुणिले त्याच दिशेचं विस्थापन. कळशी हलत नाही, म्हणून तिच्यावर काम शून्य. पण स्नायू हा खुंटी नाही. ताण टिकवायला त्याच्या आतले सूक्ष्म धागे सतत पकडतात, सोडतात, पुन्हा पकडतात, आणि दर वेळी इंधन जाळतात. कळशी खुंटीला टांगली तर खुंटी काही जाळत नाही. परीक्षेत शून्य लिहा. कळशी मात्र खाली ठेवा.

२०. स्नायूला चिकटवलेल्या तारांचा आलेख पाहिला. त्यावरून बल कळतं का?

थेट नाही. तो विजेचा संकेत आहे, स्नायू कधी चालू झाला ते चांगलं सांगतो. त्याच संकेताला स्नायूची लांबी आणि आखडण्याचा वेग बदलला की बल वेगळं येतं.

२१. हालचाल तपासणाऱ्या प्रयोगशाळेच्या अहवालात गुडघ्याचं आघूर्ण दिलंय. ते किती खरं धरायचं?

इथे जपून. ते आघूर्ण मोजलेलं नसतं, काढलेलं असतं: पावलापासून सुरू करून वरवर, पाऊल, नडगी, मांडी, प्रत्येकाची प्रश्न ३ सारखी आकृती. त्यासाठी प्रत्येक भागाचं वजन लागतं आणि ते तक्त्यातून घेतात. १९५५ चा डेम्पस्टरचा प्रसिद्ध तक्ता आठ पुरुषांच्या मृतदेहांवरून केला. त्यावर आधारित तक्त्यांत मांडी शरीराच्या १० टक्के. नंतरच्या एका प्रचलित तक्त्यात १४ टक्के. तुमची दहावीतली मुलगी दोन्हींत बसत नाही.

दुसरी गोम त्याहून खोल. येणारं उत्तर निव्वळ असतं. मांडीपुढचा स्नायू आणि मागचा स्नायू दोघेही जोर लावत असतील तर बेरजेत ते एकमेकांना झाकतात. रस्सीखेचीत दोन्ही संघ घामाघूम आणि दोर जागच्या जागी, तसं. आघूर्ण छोटं दिसलं म्हणून सांध्यावरचा दाब छोटा असं म्हणता येत नाही (प्रश्न ८ पुन्हा वाचा). स्नायू जास्त, समीकरणं कमी. कोण किती खेचतोय हे वाटून द्यायला आणखी गृहीतकं लागतात. अहवालात ती लिहिली नसतील तर विचारा.

२२. मुलाचा धावतानाचा व्हिडिओ पाठवतो, काय चुकतंय ते सांगाल का?

लंगडणं, दुखणं, सूज असेल तर व्हिडिओ मला नको. हाडांच्या डॉक्टरांकडे किंवा फिजिओथेरपिस्टकडे जा, बांबोळीच्या सरकारी इस्पितळात जा. नुसतं तंत्र पाहायचं असेल तर पाठवा, पण मोबाइल कमरेच्या उंचीवर, एका जागी टेकवून, धावण्याच्या रेषेला काटकोनात ठेवा. चौकटीत १ मीटरची पट्टी उभी करा, नाहीतर मला अंतर कळणार नाही. मोबाइल घेऊन मुलाच्या बाजूने धावत काढलेले व्हिडिओ मी उघडतो, पण त्यावरून काही सांगत नाही.